साडूच्या नाकावर टिच्चून

३ मे, रविवार. पाहुणे गेल्यावर

आजपासून रोजनिशी. काही गोष्टी विसरून चालणार नाही. मी मुळात डूख धरणारा माणूस नाही, त्यामुळे लिहून ठेवावं लागतं.

घटना अशी. साडू जेवायला आला होता. साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. (हे मी कोणासाठी लिहितोय? तो कोण आहे ते मला चांगलं ठाऊक आहे.) जेवण हे निमित्त, आला होता नवी गाडी दाखवायला. खाली पार्किंगमध्ये माझ्या गाडीपाशी थबकला. गाडीखालचा तेलाचा डाग बुटाच्या टोकाने दाखवला. तेवढ्यावर थांबायचं ना? वर येऊन, पानं वाढलेली असताना, सगळ्यांसमोर म्हणाला की भाऊसाहेबांची गाडी चोरीला गेली तर पोलीस नकोत, ठिपक्यांमागे चालत गेलं की सापडेल.

सगळे हसले. मेहुणी हसली ते ठीक, तिला त्याच्याबरोबर संसार करायचाय. पण ही हसली. कन्या हसली. कन्येला तर ठसका लागला.

मीही हसलो. ते हसणं मी त्याला सव्याज परत करणार आहे.

पण खरी कळ पुढेच. ३१ तारखेला कन्येला हॉस्टेलवर सोडायचंय. कॉलेज दुसऱ्या गावात, चार तासांचा रस्ता. आता वर्षातून दोन-तीनदा येईल तेवढीच. तिला मी सोडणार, माझ्या गाडीतून, शेजारच्या सीटवर बसवून, हे निकाल लागला त्याच दिवशी आमचं दोघांचं ठरलं होतं. साडू हात पुसत म्हणाला की एवढ्या लांब ती गाडी नका नेऊ, पोरीला मी सोडतो. आणि ही म्हणाली, बरं होईल.

बरं होईल!

ठराव: कन्येला मीच सोडणार. याच गाडीतून. हॉस्टेलच्या दारात गाडी उभी करणार आणि साडूला फोटो पाठवणार. गाडीचा नव्हे. गाडीखालच्या कोरड्या जमिनीचा.

४ मे, सोमवार

गाडी गॅरेजवाल्याला दाखवली. त्याला आम्ही घरात 'दोन दिवस' म्हणतो, कारण दुखणं कुठलंही असो, तो गाडी दोन दिवस ठेवायला सांगतो. खाली वाकला, बोट लावलं, बोट पँटला पुसलं. म्हणाला, चेंबरचं गॅस्केट गेलंय. चेंबर म्हणजे इंजिनच्या बुडाला असलेली तेलाची पेटी. पेटी आणि इंजिन यांच्या मध्ये जे पॅकिंग असतं ते गॅस्केट. इतकं साधं. पण आडवा लोखंडी बीम मध्ये येतो म्हणे. तो सोडवायचा, इंजिन जरा उचलायचं, तेल काढायचं, चेंबर उतरवायचं, जुनं पॅकिंग खरवडून पत्रा आरशासारखा करायचा, मग नवं बसवायचं. दोन दिवस.

वर म्हणाला की तुमच्या साडूसाहेबांची नवी गाडी परवाच धुवायला आली होती, दारात उभी होती तर गॅरेजला शोभा आली.

संपलं. याच्याकडे काम नाही. माझ्या गाडीचं दुखणं याच्या तोंडून साडूकडे जाणार. तेल चेंबरमधून गळतं, बातम्या याच्या तोंडातून.

मी स्वतः करणार.

५ मे, मंगळवार

मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. एक माणूस अख्खं इंजिन लटकवून काम करतो. त्याला नोकरी नसावी. दुसरा झटपट युक्त्या सांगतो. त्याचा चेहरा प्रामाणिक आहे.

माझी पात्रता: विमा कंपनीत गाड्यांचे क्लेम तपासतो. आयुष्य गेलं मोडक्या गाड्यांचे फोटो बघण्यात. गाडीतलं मला काय कळतं, असं साडू एकदा म्हणाला होता. तारीख लिहून ठेवली नव्हती. तेव्हा रोजनिशी नव्हती ना.

१० मे, रविवार. सकाळ

युक्ती पहिली. गॅस्केट बदलायचंच नाही. गळतंय म्हणजे बोल्ट सैल झालेत. आवळले की मिटलं. 'दोन दिवस'ला हे सुचलं नसेल? सुचलं असेल. सांगेल कशाला.

गाडी जॅकवर घेतली, खाली शिरलो. पोट थोडं आड आलं. सोमवारपासून फिरायला जायचं. चेंबरच्या कडेचा एकेक बोल्ट आवळला. प्रत्येक बोल्ट म्हणजे साडूचं नाक असं समजून आवळला, त्यामुळे जोर चांगला लागला.

कन्या खाली आली होती. हॉस्टेलसाठी गादी-उशी घ्यायला जाऊ या का, विचारत होती. म्हटलं, आधी हे होऊ दे. मग आईबरोबर गेली.

१० मे. दुपार

आधी थेंब पडायचा. आता धार लागलीय. बारीक आहे.

आवळून आवळून जुनं पॅकिंग दोन पत्र्यांमधून बाहेर आलंय, दमलेल्या कुत्र्याच्या जिभेसारखं. एक बोल्ट जास्तच फिरला, आणि मग नुसताच फिरत राहिला. आटे गेले असावेत. बोल्ट कच्चा होता. कारखानदारांना हल्ली लाज उरलेली नाही. गाडी जुनी आहे, पण तेव्हाही नव्हती.

ही खिडकीतून म्हणाली की डाग वाढलाय. मी म्हटलं, साचलेलं तेल बाहेर पडतंय, मग थांबेल. ती खिडकीतून आत गेली. तिचं हे न बोलता आत जाणं मला मुळीच आवडत नाही.

फिरायला जाण्याचं पुढच्या सोमवारपासून.

१३ मे, बुधवार

युक्ती दुसरी. सिलिकॉन. ट्यूबमधून पेस्टसारखं येतं, वाळलं की रबर. स्पेअर पार्टवाला म्हणाला की तेल काढून, पुसून, कोरड्या पत्र्यावर लावा. सगळ्यांना सगळं काढायचं असतं. मी बाहेरूनच लावलं. चेंबरच्या कडेने चहूबाजूंनी जाड थर. बोटाने फिरवला. काम देखणं झालंय. असं वाटतं की साडूला आत्ता बोलावून वाकायला लावावं.

तो प्रसंग मी मनात पाठ केलाय. हॉस्टेलच्या फाटकात उतरायचं, किल्ली बोटावर फिरवायची आणि शांतपणे म्हणायचं: वाका आणि बघा. जास्त काही नाही. मोठी माणसं कमी बोलतात.

१४ मे, गुरुवार

सिलिकॉनचा थर अखंड सुटून खाली पडला. अख्खा, चेंबरच्या आकाराचा. पकड नाही. सिलिकॉन बनावट.

ही म्हणाली की आंघोळ न करता पावडर लावली तर राहील का. हिला गाडीतलं काही कळत नाही, पण बोलायचं असतं.

कन्येने त्या रबरी चौकटीतून डोकं घालून स्वतःचा फोटो काढला आणि मैत्रिणींना पाठवला. चारपैकी तीन मैत्रिणींनी हसरे चेहरे पाठवले म्हणे. या घरात माझं दुःख करमणुकीला कमी पडत नाही.

१७ मे, रविवार

साडूचा फोन. हिच्या फोनवर, म्हणजे तेही माझ्याकडे नाही. एकतीसला किती वाजता येऊ, विचारत होता. ही माझ्याकडे बघायला लागली. मी मोठ्याने म्हटलं, त्यांना सांग पोरीला बाप आहे. हिने फोनवर सांगितलं की हे म्हणतायत कळवतो.

बदल्याची कलमं: (अ) त्याच्या गाडीला 'छान' म्हणायचं नाही. 'बरी' म्हणायचं. (आ) जेवायला आला तर त्याला डुगडुगता स्टूल. (इ) त्याच्या गाडीत पाऊल ठेवायचं नाही. मेलो तरी. रुग्णवाहिका म्हणून आली तरी.

मन हलकं झालं.

नवं गॅस्केट आणलं. कॉर्कचं, सुरेख, पिशवीत बसत नव्हतं म्हणून घडी घातली. किंचित चिरलं. सिलिकॉन आहेच.

युक्ती तिसरी, आणि ही माझी स्वतःची आहे. बीम सोडवायचा नाही. इंजिन उचलायचं नाही. बोल्ट काढून चेंबर चार बोटं खाली सोडायचं, बीमवर टेकवायचं, आणि त्या फटीतून नवं गॅस्केट सरकवायचं, पत्र टाकतात तसं. जगात हे कोणाला कसं सुचलं नाही?

कन्या म्हणाली की बाबा, जायच्या आधी मला गाडी रिव्हर्स घ्यायला शिकवा, तुम्ही कबूल केलं होतं. म्हटलं, गाडी बरी होऊ दे. ती म्हणाली, मग मी जाईन. म्हटलं, जाणारच आहेस, मीच तर नेणार आहे. तिला काय म्हणायचं होतं ते नीट कळलं नाही.

२२ मे, शुक्रवार

रजा टाकली. कारण लिहिलं: पाठदुखी. सकाळी ते खोटं होतं, आता नाही.

मोहीम फत्ते! सविस्तर लिहितो, कारण याची नोंद राहायला हवी.

चेंबरचा शेवटचा बोल्ट काढला आणि तेल अंगावर आलं. तेल आधी काढायचं असतं. व्हिडिओवाला ते सांगत होता, पण मी तो भाग पुढे ढकलला होता. तेल गरम नव्हतं, हे नशीब. काखेपर्यंत गेलं. टबमध्ये जेवढं सापडलं तेवढं नंतर चहाच्या गाळणीने गाळून परत घातलं, कमी पडलं तेवढंच नवं. तेल चांगलं होतं, टाकायचं कशाला. गाळणी कुठे गेली म्हणून ही आत्ता स्वयंपाकघरात शोधतेय. मी लिहितोय.

चेंबर चार बोटं खाली आलं. मग अडलं. फटीत हात जातो, पण हात आत गेला की डोळ्यांना काही दिसत नाही. पुढचं जुनं पॅकिंग पट्टीने खरवडलं. मागचं खरवडता आलं नाही, तिथे हात पोहोचत नाही. राहिलं तर राहिलं. जुनं आणि नवं मिळून दुप्पट जाड होईल, म्हणजे दुप्पट पक्कं.

नवं गॅस्केट सरकवताना जरा फाटलं. म्हणून सिलिकॉन. एक ट्यूब पुरते असं ट्यूबवर लिहिलंय. मी दोन घातल्या. वरून, खालून, कडेने, जिथे बोट गेलं तिथे. बोल्ट आवळले तेव्हा बाहेरच्या कडेने सिलिकॉन फुगून आलं. किती भरलंय बघा! आटे गेलेल्या बोल्टलाही सिलिकॉन फासून बसवला. एक बोल्ट उरला. कारखान्यात जादाच देत असावेत.

एक दिवस वाळू द्या, असं लिहिलंय. कन्येच्या केस वाळवायच्या मशीनने काम लवकर उरकलं.

कन्येने बॅटरी धरली होती. गाडीशेजारी पाटावर बसून. बराच वेळ काहीतरी सांगत होती. खोलीत आणखी दोघी असणार आहेत, एकटीने कधी राहिले नाही, झोप येईल की नाही, असलं काही. मी बोल्टच्या भोकाशी भोक जुळवत होतो. हूं हूं केलं. मध्येच बॅटरी हलली म्हणून ओरडलो. मग ती गप्प बसली आणि बॅटरी अगदी स्थिर धरली. गुणी आहे.

२३ मे, शनिवार. पहाट

पुठ्ठा कोरडा!

रात्रभर गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवला होता. एकही थेंब नाही. हाताने चाचपला. गुडघ्यावर बसून वास घेतला. नुसता पुठ्ठ्याचा वास.

पुठ्ठ्याचा फोटो काढून दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल.

दुपार. हिच्या मावशीने विचारलं की पुठ्ठा विकायचाय का. साडूने अंगठा पाठवला. नुसता अंगठा! शब्द नाहीत. जळला बिचारा. अंगठ्यात जळफळाट स्पष्ट दिसतो.

२५ मे, सोमवार

गाडी ऑफिसला नेली. मस्त चालली. फक्त स्टेअरिंगमागचा, तेलाच्या डब्याचं चित्र असलेला लाल दिवा मिणमिणतोय. गियर टाकला की विझतो, सिग्नलला थांबलं की लागतो.

विचार केला. तेल भरलेलं आहे, तेल मोजायच्या पट्टीवर पाहिलं. गळत नाही, पुठ्ठा साक्षी आहे. म्हणजे दिवा बिघडलाय. इतकी वर्षं खालून गळती होती, तिची त्या दिव्याला सवय झालेली. आता एकदम बंद झाल्यावर गोंधळलाय.

युक्ती चौथी, छोटीशी. दिव्यावर काळी चिकटपट्टी. चौकोनी, सुबक कापली. एकतीसला मागून कोणी डोकावलं तर नसती चर्चा नको.

२६ मे, मंगळवार

ऑफिसात एक क्लेम नामंजूर केला. गाडीमालक धोक्याचा दिवा लागलेला असताना गाडी पळवत राहिला, इंजिन गेलं, आणि आता भरपाई मागतोय. शेरा मारला: निव्वळ निष्काळजीपणा. कसले कसले लोक गाड्या चालवतात.

२८ मे, गुरुवार

इंजिनमध्ये टकटक येतेय. हलकी, शिवणयंत्रासारखी. मला तो आवाज उत्साहाचा वाटतो. हिला वाटत नाही.

हिच्या समाधानासाठी 'दोन दिवस'कडे थांबलो. उतरलो नाही. तो डबा खात होता, बसल्या जागेवरून ऐकलं, म्हणाला की इंजिनच्या वरच्या भागातले टॅपेट वाजत असतील, चालेल. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस मला शहाणा वाटला. दोन दिवसही म्हणाला नाही. लाल दिव्याचं त्याला सांगितलं नाही. त्याने विचारलं नव्हतं.

कन्येने आज पुन्हा विचारलं की बाबा, एकतीसला तुम्ही नक्की येणार ना. येणार म्हणजे काय? नेणारच मी! असे प्रश्न विचारतात का बापाला? हसून मान हलवली तिने.

३० मे, शनिवार

सामान बांधून झालं. गादीची वळकटी, पेटी, बादली, पुस्तकांची खोकी. कन्या खोलीतल्या भिंतीवरचे फोटो काढत होती. मी दारातून पाहिलं आणि खाली जाऊन काच पुसली.

साडू आणि मेहुणीही येणार आहेत, त्यांच्या गाडीतून. मेहुणीला भाचीचं हॉस्टेल बघायचंय. शिवाय सामान दोन गाड्यांत बरं बसेल, असं हिचं म्हणणं. मी लगेच हो म्हटलं. ही चकित झाली. तिला काय कळणार? सगळा रस्ता तो माझ्या मागे असणार. चार तास त्याला माझ्या गाडीची कोरडी पाठ बघायची आहे. देव असलाच तर माझ्या बाजूने आहे.

सामानाची वाटणी मीच केली. जड खोकी सगळी त्याच्या गाडीत. त्याच्या नव्या सीटवर बादली.

शेजारच्या सीटवर कन्या. तिच्याशी बोलायचं आहे. काय ते ठरवलं नाही, पण चार तास आहेत.

३१ मे, रविवार. सकाळ, निघताना

साडू वेळेवर हजर. मला न सांगता माझ्या गाडीपाशी गेला, गुडघे धरून वाकला, खालून पाहिलं, जमिनीवर हात फिरवून पाहिला. मी जिन्यात किल्ली घेऊन उभा. वाक्य ओठांवर तयार.

तो उठला आणि म्हणाला, भाऊसाहेब, एक थेंब नाही हो, फार नेटकं काम केलंत, मला नसतं जमलं.

मनापासून म्हणाला. तोंड तपासलं मी त्याचं, कुठे खोच सापडते का. नव्हती. पाठ केलेलं वाक्य तसंच गिळावं लागलं. एक महिना मी ज्याच्यासाठी पाठीचा भुगा केला ते त्याने असं अर्ध्या मिनिटात, फुकट देऊन टाकलं. याचाही बदला घेणार आहे. कसा ते रस्त्यात ठरवतो.

निघतो. सगळे हाका मारतायत.

३१ मे. दुपार, रस्त्यावर

गाडी बंद आहे.

तासभरही झाला नसेल. चढ लागला. टकटक वाढली. मी रेडिओ मोठा केला. कन्या नेमकी तेव्हाच सांगायला लागली होती की बाबा, मला थोडी भीती वाटतेय. मी रेडिओ बारीक करणार होतो, पण मग टकटक ऐकू आली असती. मग एक मोठा खाडकन आवाज झाला, गाडी हिसका देऊन थांबली, आणि किल्ली फिरवली तर आत काहीच फिरेना.

कन्येने हात पुढे करून चिकटपट्टी काढली. तिला कधीपासून दिसत होती कोण जाणे. खाली लाल दिवा लागलेला होता, चांगला ठळक.

'दोन दिवस'ला फोन लावून केलेलं सगळं सांगितलं. त्याने विचारलं की सिलिकॉन किती घातलंत. म्हटलं, दोन ट्यूब. तो म्हणाला, जेवढं बाहेर फुगतं तेवढंच आतही फुगतं, त्याचे तुकडे सुटून चेंबरमध्ये पडतात आणि तेल ओढायच्या जाळीवर जाऊन बसतात. जाळी बंद, तेल वर चढत नाही, इंजिन कोरडं घासत राहतं. तुम्ही दिव्याचं आधी सांगितलं असतं, तर टॅपेट म्हटलं नसतं. मी विचारलं, किती दिवस लागतील. या वेळी त्याने आकडा सांगितला नाही.

मागून साडू आला. हसला नाही. मी वाट बघत होतो, पण हसला नाही. माझ्या गाडीतलं सामान काढून त्याच्या गाडीत भरायला लागला, बादली मांडीवर घेता येईल म्हणाला. मेहुणी पुढून उठून मागे सरकली आणि मला पुढची सीट मोकळी करून दिली. साडू म्हणाला, भाऊसाहेब, बसा, गाडीला लावा कुलूप, येताना बघू. कन्या उशी पोटाशी धरून उभी होती. म्हणाली, बाबा, चला ना.

पुढची सीट मोकळी होती. त्याच्या गाडीची.

मी म्हटलं, गाडी अशी रस्त्यात टाकून कसा येऊ, तुम्ही व्हा पुढे, उशीर होईल. दोनदा म्हटलं. कन्या एकदाच म्हणाली होती.

गेले.

३१ मे. संध्याकाळ

गाडीतच बसून लिहितोय. गाडीची राखण करतोय. कोणापासून? चोराला ती ढकलत न्यावी लागली असती.

उतरून खाली बघितलं. कोरडं आहे. त्याचा काही उपयोग नाही.

उचलून नेणारी गाडी उद्या येणार म्हणून सांगितलंय. म्हणजे इथे थांबायचीही गरज नव्हती. काच वर करून, कुलूप लावून, पुढच्या सीटवर बसलो असतो तर आत्ता तिथे असतो. मला तिला सोडायला जायचं होतं. महिनाभर दुसरं काही करायचं नव्हतं मला, एवढंच करायचं होतं.

आत्ता तिचा फोन आला. खोली मिळाली, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीतून मागचं मैदान दिसतं. तिघींपैकी तीच आधी पोहोचली, म्हणून खिडकीकडचा पलंग मिळाला. मला विचारलं, जेवलात का. म्हटलं, हो. मग म्हणाली की पलंगाचा एक पाय आखूड होता, बसलं की हलायचा, पण काकांनी खाली बसून कागदाची घडी करून घातली, आता हलत नाही.

मी म्हटलं, छान केलं.

तेवढं मला जमलं असतं.